पुडी सापडली, उपचाराचा अर्ज कुणी करायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एमडी पावडरसह दोघे जेरबंद’, ‘नशेच्या गोळ्या जप्त’, ‘गांजा ओढणाऱ्यांवर कारवाई’. संभाजीनगर, जालना, नांदेडच्या पानांवर या बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. विकणारा आणि ओढणारा त्यांत एकाच ओळीत उभा असतो. बातमी संपते तिथे घरच्यांची धावपळ सुरू होते. वकील, जामीनदार, सातबारा, ओळखीचा कुणी पुढारी असे सगळे आठवते. कायद्यानेच ठेवलेली उपचाराची वाट मात्र कुणी सांगत नाही, आणि सांगितली तरी बहुधा उशिरा. व्यसनमुक्तीचे आणि कोर्टाचे असे दोन्ही काम जवळून पाहणाऱ्या आम्हा काही जणांना तेवढ्याबद्दलच लिहायचे आहे.

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा (कोर्टाच्या आवारात सगळे ‘एनडीपीएस’च म्हणतात) म्हणजे नुसती शिक्षा, असा समज आहे. पण त्यातच कलम ६४-अ आहे. सेवनाच्या (कलम २७) किंवा ‘अल्प प्रमाण’ बाळगल्याच्या गुन्ह्यात आरोपी असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने सरकारी, सरकारमान्य किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या रुग्णालयात वा केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. कलम एवढेच आहे, पण त्यातला एकेक शब्द तपासला जातो: व्यसनी, अल्प प्रमाण, स्वेच्छेने, मान्यताप्राप्त, पूर्ण. या संरक्षणासाठी कोर्टात केलेला अर्ज फसतो तो यांतल्याच एखाद्या शब्दावर.

आधी ‘अल्प प्रमाण’. गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, अफू २५ ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम आणि मेफेड्रोन म्हणजे एमडीही २ ग्रॅम. ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत सापडणाऱ्या नायट्राझेपामची मर्यादा २० ग्रॅम, अल्प्राझोलामची ५ ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात स्पष्ट केले की वजन शुद्ध अमली पदार्थाचे नव्हे, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचे धरायचे. एमडीच्या पुडीत भेसळ किती, याला त्यामुळे अर्थ उरत नाही. गोळीचेही पूर्ण वजन धरले, तर अल्प्राझोलामची मर्यादा काही पट्ट्यांतच ओलांडली जाते. एकदा ती ओलांडली की ६४-अ चा दरवाजा बंद. म्हणून पंचनाम्याची प्रत हाती येताच पाहायची पहिली गोष्ट म्हणजे लिहिलेले वजन प्लास्टिकच्या पिशवीसह आहे की पिशवी वगळून. एमडीच्या प्रकरणात २.१ आणि १.९ ग्रॅममधला फरक एका झिपच्या पिशवीचा असू शकतो. गांजाच्या बाबतीत आणखी एक. कायद्यातला गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्याचा किंवा फळांचा शेंडा. शेंड्याशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. पिशवीत नेमके काय होते, हे पंचनाम्यात आणि पुढे रासायनिक विश्लेषणाच्या अहवालात आहे का, ते वकिलांकडून वाचून घ्यावे.

दुसरी गफलत कलमाच्या आकड्याची. कलम २७ चा खंड (अ) हा कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन आणि अधिसूचित पदार्थांच्या सेवनाचा. त्याला जास्तीत जास्त १ वर्ष कैद किंवा २० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी ६ महिने किंवा १० हजार. कलम २७-अ मात्र वेगळेच कलम आहे: अवैध व्यापाराला पैसा पुरवणे आणि आरोपींना आसरा देणे. त्याला १० ते २० वर्षे सक्तमजुरी, आणि जामिनाला कलम ३७ चा अडसर. तोंडी दोन्ही ‘सत्तावीस अ’च. फरक एका कंसाचा. फिर्यादीची प्रत घेताना हा कंस जरूर पाहावा. नातेवाइकांना ‘२० वर्षांचा गुन्हा लागलाय’ अशी भीती घालून पैसे उकळणारे मध्यस्थ याच गोंधळावर जगतात.

‘व्यसनी’ या शब्दाची व्याख्या कायद्यात आहे: अमली पदार्थावर अवलंबून असलेला माणूस. मित्राच्या हळदीत एकदा ओढली, त्याला हे कलम नाही. अवलंबित्व आहे की नाही हे सांगणार मनोविकारतज्ज्ञ. त्यामुळे पहिला कागद वकिलाचा नसून डॉक्टरांचा असतो. किती वर्षांपासून, किती, कोणत्या मार्गाने घेतो, बंद केल्यावर काय त्रास होतो, आधी सोडण्याचा प्रयत्न झाला होता का, हे सगळे केसपेपरवर तारखेनिशी हवे. घरचे लाजेखातर डॉक्टरांना ‘कधीमधी घेतो’ असे सांगतात. तेच वाक्य केसपेपरवर उतरते आणि पुढे अर्जाच्या आड येते.

‘पूर्ण उपचार’ म्हणजे किती दिवस, हे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. इथे बरेच जण अडकतात. १० दिवस भरती राहून अंगातली नशा उतरवली, म्हणजे उपचाराची सुरुवात झाली. तेवढेच डिस्चार्ज कार्ड जोडून अर्ज केला, तर सरकारी वकील ‘उपचार पूर्ण नाहीत’ म्हणणारच, आणि ते चूकही नाही. उपाय साधा आहे. भरतीच्या वेळीच डॉक्टरांकडून उपचाराचा आराखडा लेखी घ्यावा: किती दिवस भरती, त्यानंतर किती आठवडे किंवा महिने बाह्यरुग्ण तपासणी, कोणती औषधे, समुपदेशनाच्या किती बैठका. तो आराखडा अर्जासोबत कोर्टात दाखल करावा आणि शेवटी त्याच आराखड्याबरहुकूम पूर्णतेचा दाखला घ्यावा. मग ‘पूर्ण’ शब्दाला काहीतरी माप मिळते.

दोषी ठरल्यानंतरचा मार्ग वेगळा, कलम ३९ चा. तिथे कोर्ट आरोपीच्या संमतीने, शिक्षा न सुनावता, बंधपत्र घेऊन त्याला सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचाराला सोडू शकते. उपचाराचा अहवाल जास्तीत जास्त १ वर्षात कोर्टापुढे यावा लागतो. अहवाल समाधानकारक असेल तर समज देऊन, जास्तीत जास्त ३ वर्षांच्या बंधपत्रावर सुटका. चांगली तरतूद आहे, पण दोषसिद्धी झालेली असते. ६४-अ मध्ये खटलाच थांबतो. ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला म्हणूनच आम्हाला पटत नाही. दंड भरणे म्हणजे दोष कबूल करणे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या विशीतल्या पोराला तो ‘मोकळेपणा’ चारित्र्य पडताळणीच्या दिवशी कळतो. कबुली द्यायचीच असेल, तर त्याच वेळी कलम ३९ ची मागणी नोंदवावी. परिवीक्षा कायद्यावर (शिक्षेऐवजी बंधपत्रावर, देखरेखीखाली सोडण्याचा कायदा) विसंबून राहू नये: एनडीपीएसच्या कलम ३३ नुसार १८ वर्षांवरील दोषीला तो फक्त कलम २६ (परवानाधारकांचे गुन्हे) आणि २७ च्या गुन्ह्यांतच लागू होतो. खिशात पुडी सापडल्याच्या गुन्ह्यात नाही.

संस्था कोणती? सरकारी रुग्णालय सगळ्यांत निर्धोक. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचे विष्णुपुरी आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे मनोविकृतीशास्त्र विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी एकात्मिक पुनर्वसन केंद्रेही आहेत. जवळचे कोणते चालू आहे, हे १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते.

खासगी केंद्राबद्दल मात्र डोळे उघडे ठेवावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. त्यामुळे अशा रुग्णांना भरती करून उपचार देणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असले पाहिजे. त्याचा फोटो काढावा, मुदत पाहावी, मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारावे. ‘फोन करा, गाडी पाठवून उचलून नेतो’ म्हणणारी केंद्रे सर्रास आहेत. साखळीने बांधणे त्या कायद्याच्या कलम ९५ ने सरळ मना केले आहे. माणुसकीचा प्रश्न तर आहेच, पण निव्वळ कोर्टाच्या हिशेबानेही हे अंगावर येते. ज्याला हातपाय धरून नेले, तो ‘स्वेच्छेने’ उपचाराला आला हे कसे सिद्ध करणार? बिगरनोंदणी केंद्रात ३ महिने आणि लाखभर रुपये घालवून शेवटी त्यांचे पत्र कोर्टात कवडीमोलाचे ठरते.

भरती असताना तारीख आली तर? जामिनाची अट असते दर रविवारी ठाण्यात हजेरी, आणि माणूस ३० दिवस वॉर्डात. हजेरी चुकते, तारीख चुकते, वॉरंट निघते आणि उपचाराचा डाव मोडतो. भरतीपूर्वीच हजेरीची अट शिथिल करण्याचा अर्ज द्यावा, आणि तारखेला वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ खाली. (गंमत अशी की नव्या न्याय संहितेतही ३५५ च कलम दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करण्याचे आहे. अर्जावर कायद्याचे नाव पूर्ण लिहिलेले बरे.) सोबत रुग्णालयाचे भरती असल्याचे पत्र, त्यावर नोंदणी क्रमांक आणि डॉक्टरांची सही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समिती; कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००.

आता कोर्टाच्या आधीची गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यांत निकडीची: अटकेनंतरचे पहिले ३ दिवस. रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू होते. आकडी येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर मुंग्या दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणे सुरू होते, ताप चढतो, दिवस-रात्र कळत नाही. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. हे दिवस नेमके लॉकअपचे, नाहीतर कारागृहातले पहिले. बाहेरून पाहणाऱ्याला ते ‘नाटक’ वाटते, घरच्यांना ‘बाहेरची बाधा’. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३) आणि कोठडीतल्याच्या प्रकृतीची काळजी (कलम ५६) बंधनकारक आहे. पण ग्रामीण रुग्णालयातली ‘मेडिकल’ बऱ्याचदा ‘अंगावर जखमा नाहीत, तक्रार नाही’ एवढ्यावर उरकते. नातेवाइकांनी एका कागदावर चार गोष्टी लिहून डॉक्टरांच्या हातात द्याव्यात: रोज किती पितो, शेवटचे केव्हा प्यायला, पूर्वी दारू तुटल्यावर आकडी आली होती का, आणि साखर, रक्तदाब किंवा फिटच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. या त्रासावर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम उतरत्या मात्रेत ५-७ दिवस देतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. आपल्याकडे काहीही झाले की ‘सलाईन लावा’ हा आग्रह असतो. पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व आधीच संपलेले असते. ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिनचे (म्हणजे ब-१ चेच) इंजेक्शन दिले नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

बटन गोळ्यांचेही तसेच. वर्षभर रोज घेणाऱ्याने एकदम बंद केल्या तर आकडी येऊ शकते; त्या आठवड्या-आठवड्याने कमी कराव्या लागतात. धर्माबाद-बिलोलीकडच्या सीमाभागात शिंदीचा विचार वेगळा करावा लागतो, कारण भेसळीच्या शिंदीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलाम असू शकते. ‘साहेब, शिंदीच पितो फक्त’ म्हणणारा माणूसही तुटल्यावर आकडी-भ्रमाला जाऊ शकतो. एमडी सुटल्यावर शरीराला झटका कमी, पण मन इतके खचते की आत्महत्येचा धोका असतो. कोठडीत त्याच्यावर लक्ष हवे. कोडीन किंवा हेरॉइनवाल्याला अंगदुखी, जुलाब, नाक गळणे असा त्रास आठवडाभर होतो; तो सहसा जिवावर बेतत नाही. त्याचा धोका सुटकेनंतरचा असतो. तुरुंगात सवय मोडलेली असते आणि बाहेर येऊन जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो.

दारूच्या गुन्ह्यांना ६४-अ नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याची ६५ (ई) (बेकायदा खरेदी-विक्री) आणि ८५ (नशेत गैरवर्तन) ही कलमे, मोटार वाहन कायद्याचे १८५ (१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल, पहिल्यांदा १० हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही), शिवाय दारूपायी केलेल्या मारामाऱ्या आणि भुरट्या चोऱ्या, मराठवाड्यातल्या तालुका कोर्टांचा बराच वेळ यात जातो. इथे १९५८ चा परिवीक्षा कायदा कामाचा. कलम ४ खाली कोर्ट देखरेखीचा आदेश काढू शकते आणि बंधपत्रात नशेपासून दूर राहण्याची अट घालू शकते. कायद्यात ती अट शब्दशः आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवा, त्यात उपचाराची योजना जोडा, असा अर्ज वकिलाने करायला हवा. फार थोडे करतात. कोर्ट स्वतःहून विचारेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

दारूवरच्या औषधांबद्दल एक इशारा. ‘त्याच्या नकळत वरणात मिसळा’ म्हणून विकली जाणारी पूड. त्यात डायसल्फिराम असेल तर वरून दारू पोटात गेल्यावर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी, माणसाला सगळे समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. गोळी बंद केल्यावरही परिणाम २ आठवड्यांपर्यंत राहतो आणि अल्कोहोल असलेल्या खोकल्याच्या औषधानेही प्रतिक्रिया येते. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट हे पर्याय आहेत. यकृत पाहून डॉक्टर ठरवतात.

कोर्टात लघवीची चाचणी मागितली जाते, तिथेही घोळ होतो. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश महिनाभरही सापडू शकतो. विसाव्या दिवशी ‘पॉझिटिव्ह’ आले म्हणजे त्याने पुन्हा ओढला, असे सिद्ध होत नाही. भरतीच्या दिवशीच एक चाचणी करून ठेवावी आणि किटच्या निकालावर वाद झाला तर प्रयोगशाळेची खात्री मागावी. आणि पुन्हा घसरला तर? डॉक्टरांपासून लपवू नये. आराखडा बदलून उपचार चालू असल्याची नोंद असेल तर ‘उपचार सोडले’ असे म्हणता येत नाही.

बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड मजुरांची अडचण तर कोणत्याच आराखड्यात बसत नाही. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती मार्च-एप्रिललाच परतते. उपचार गावी, फड कोल्हापुरात, तारीख माजलगावात. अशांसाठी भरती पावसाळ्यात आखावी, आणि जाताना डिस्चार्ज कार्डाच्या तीन प्रती कराव्यात: एक खिशात, एक वकिलाकडे, एक फडाजवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवायला. तिथल्या तपासणीच्या नोंदीही पाठपुराव्यात धरल्या जातील, असे मूळ डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

अल्पवयीन मुलगा असेल तर हे सगळे बाजूला. तो बाल न्याय मंडळापुढे जातो आणि मंडळ त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवू शकते. त्याला मोठ्यांच्या लॉकअपमध्ये ठेवले असेल तर त्याच मिनिटाला हरकत घ्यावी.

जिल्हा न्यायालयांकडे एक मागणी: एनडीपीएस खटले चालणाऱ्या कोर्टाबाहेर जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त केंद्रांची यादी लावावी, नोंदणीची मुदत आणि यादी केव्हा तपासली ती तारीख घालून. आणि आपल्याला विनंती: अशा प्रत्येक बातमीखाली १४४४६ आणि १५१०० हे दोन क्रमांक आणि कलम ६४-अ बद्दल एक ओळ, एवढी चौकट द्यावी. जागेची अडचण असेल तर जप्त मुद्देमालाच्या टेबलामागे आरोपींना उभे करून काढलेला तो फोटो एक कॉलम लहान केला तरी भागेल.

आपले,
व्यसनमुक्ती समुपदेशक व विधी स्वयंसेवक,
छत्रपती संभाजीनगर